हिरवागार पालक आणि मातीतलं कॅडमियम: झाड विष पेलतं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक एकर भाजीचा मळा, पाणी ओढ्याचं. ओढ्याला वरच्या अंगाने धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यांचं सांडपाणी येऊन मिळतं. माती तपासली तेव्हा किलोला 5 मिलिग्रॅम कॅडमियम आणि 400 मिलिग्रॅम शिसं निघालं, सामू (पीएच) 6.2. एवढं असूनही पालक, माठ, मेथी तजेलदार आहेत. झाडाला हे विष बाधत का नाही, भाजी खाल्ली तर चालेल का, आणि मोहरी किंवा सूर्यफूल लावून माती स्वच्छ होईल का, असे तीन प्रश्न विचारले आहेत.

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याला थांबता येत नाही. भाजीचा तपासणी अहवाल हातात येईपर्यंत ती घरात शिजवू नका, बाजारातही पाठवू नका. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर एक जुडीसुद्धा नको. पान टवटवीत आहे यावरून काहीच ठरत नाही. का ते साध्या हिशेबात दिसतं.

पालकात साधारण 92 टक्के पाणी असतं. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात पालेभाजीतल्या कॅडमियमची मर्यादा ताज्या भाजीच्या किलोमागे 0.2 मिलिग्रॅम आहे. पाणी वजा केलं की हाच आकडा सुक्या पानात 2.5 होतो. सर्वसाधारण पिकाचं पान कॅडमियममुळे पिवळं पडू लागतं, वाढ खुंटते, ती सुक्या वजनावर किलोला 5 ते 10 मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे भाजी माणसाने खाण्याजोगी उरत नाही तेव्हा झाडाला अजून काही झालेलंही नसतं. 2.5 ते 5 हा जो मधला पट्टा आहे, तिथला पालक बाजारात सगळ्यात देखणा दिसू शकतो. आणि आपल्या मूत्रपिंडात साठलेलं कॅडमियम निम्म्यावर यायला दहा ते तीस वर्षं लागतात.

सगळे धातू असे वागत नाहीत. अमेरिकेतले मृदाशास्त्रज्ञ रुफस चेनी यांनी 1980 मध्ये धातूंची जी विभागणी मांडली, ती शेतात अजूनही सगळ्यात कामाची आहे. शिसं, पारा आणि नेहमीचं त्रिसंयुजी क्रोमियम मातीत किंवा मुळात अडकून बसतात, वर फारसे चढत नाहीत. जस्त, तांबं, निकेल वर चढतात, पण माणसाला बाधण्याइतके साठायच्या आत पीकच जळतं, त्यामुळे पीकच पहारेकऱ्याचं काम करतं. तिसरा गट या पहाऱ्यातून निसटणाऱ्यांचा: त्यात कॅडमियम सगळ्यात वाईट. भातातलं आर्सेनिकही याच गटात मोजावं लागतं.

तुमच्या मळ्यातले दोन धातू या विभागणीत दोन टोकांना आहेत. कॅडमियम झाडाच्या आत गेलेलं असणार, आणि शिसं बहुतेक करून झाडाच्या अंगावर बसलेलं असणार. पुढचं सगळं या एका फरकावर अवलंबून आहे, म्हणून आधी आत जाण्याचा रस्ता बघू.

कॅडमियमसाठी झाडाने मुद्दाम दार ठेवलेलं नाही. त्याचा भार आणि आकार लोह, जस्त, मँगनीज, कॅल्शियम यांच्या जवळचा असल्यामुळे ते त्यांच्या दारांतून शिरतं. मुळाच्या पेशीच्या पडद्यात लोह आत घेणारं आयआरटी1 नावाचं वाहक प्रथिन असतं. त्याला लोह आणि कॅडमियम यांच्यात नीट भेद करता येत नाही. लोहाची कमतरता पडली की झाड ही दारं वाढवतं, आणि मग कॅडमियमही जास्त येतं. भातात हे काम मुख्यतः मँगनीज घेणारं एनरॅम्प5 करतं. आर्सेनेट फॉस्फेटच्या दाराने येतं, षट्संयुजी क्रोमियम सल्फेटच्या दाराने. पाणी तुंबलेल्या भातखाचरात आर्सेनिकचं रूप बदलतं आणि ते सिलिकाच्या दाराने घुसतं. भाताला सिलिका भरपूर लागते म्हणून ही दारं त्याच्याकडे भरपूर, आणि म्हणूनच गव्हापेक्षा तांदळात आर्सेनिक जास्त.

मुळात शिरलेला प्रत्येक कण पानापर्यंत पोचत नाही. पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनवर ऋणभार असतो, त्याला धातूचे आयन चिकटून राहतात. शिशाचा मोठा हिस्सा इथेच थांबतो. जे उरतं ते अंतस्त्वचा या मुळाच्या आतल्या थरापाशी येतं. तिथल्या पेशींभोवती कॅस्पेरियन पट्टी असते, विटांच्या मधल्या फटी सिमेंटने भराव्यात तशी. फटीतून पाणी पुढे जाऊ शकत नाही, ज्याला जायचं त्याने पेशीच्या पडद्यातूनच गेलं पाहिजे, म्हणजे झाडाला निवड करता येते. पण मुळाच्या कोवळ्या टोकाशी ही पट्टी अजून तयार झालेली नसते, आणि उपमुळं फुटतात तिथे ती तुटते. थोडंफार शिसं वर जातं ते या भगदाडांतून.

पेशीच्या आत आल्यावर खरा धोका सुरू होतो. कॅडमियम प्रथिनांमधल्या गंधकाच्या गटांना घट्ट धरतं आणि विकरांमधल्या जस्ताची जागा बळकावतं. आर्सेनेट फॉस्फेटच्या जागी बसून पेशीचा ऊर्जेचा व्यवहारच मोडतं. यावर झाडाचा बंदोबस्त असा: ग्लुटाथायोन या नेहमीच्या रेणूच्या कड्या जोडून फायटोकिलेटिन नावाच्या छोट्या साखळ्या बनवायच्या. साखळीत गंधकवाले गट ओळीने असतात, ते कॅडमियमला जखडतात. ही साखळी जोडणारं विकर पेशीत आधीपासून असतं आणि धातू दिसला की काही मिनिटांत कामाला लागतं. या साखळ्या 1985 मध्ये म्युनिकमध्ये ग्रिल, विनाकर आणि झेंक यांनी ओळखल्या. त्यासाठी त्यांनी कॅडमियम पाजून वाढवलेल्या पेशी होत्या आपल्या ओळखीच्या सर्पगंधेच्या.

जखडलेला धातू मग रिक्तिकेत ढकलला जातो. रिक्तिका म्हणजे पेशीतली पाण्याची पिशवी. प्रौढ पेशीत आकारमानाचा बहुतेक भाग तिनेच व्यापलेला असतो. तिच्यात श्वसनाची किंवा प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा नसते, त्यामुळे तिथे विष साठलं तरी पेशीचं काम चालू राहतं. झाड धातू सहन करतं याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच: त्याने तो रिक्तिकेत बंद करून ठेवला आहे. धातू मोडून नाहीसा करता येत नाही, कारण तो मूलद्रव्य आहे. पालक शिजवला, की रिक्तिका फुटते आणि आतला माल आपल्या ताटात येतो. धुण्याने, मिठाच्या पाण्यात बुडवण्याने, उकळून पाणी टाकण्यानेही पानाच्या आतलं कॅडमियम भरवशाने काढता येत नाही.

आता रिक्तिका मुळातली की पानातली, यावर सगळं ठरतं. सर्वसाधारण झाड धातू मुळातच कोंडून ठेवायचा प्रयत्न करतं. भातात एचएमए3 हे प्रथिन कॅडमियम मुळाच्या रिक्तिकेत भरतं. ज्या वाणांत ते नीट चालत नाही त्यांच्या दाण्यात कॅडमियम वाढतं. गव्हातही असंच आहे. बन्सी, म्हणजे शेवया-रव्याचा गहू, साध्या गव्हापेक्षा दाण्यात जास्त कॅडमियम ओढतो. पालक, माठ, लेट्यूस आणि तंबाखू यांच्यात पानाकडे जाणारी वाट बरीच मोकळी आहे. तंबाखू ओढणाऱ्यांच्या शरीरात कॅडमियम जास्त सापडतं त्याचं मूळ इथे आहे.

काही मोजकी झाडं मात्र उलटी वाट धरतात, त्यांना अतिसंचयी म्हणतात. जगात अशा सातशेच्या आसपास जाती माहीत आहेत, त्यातल्या बहुतांश निकेलच्या. अतिसंचयी म्हणायला पानाच्या सुक्या किलोत निकेल 1,000 मिलिग्रॅम, जस्त 3,000, कॅडमियम 100 किंवा आर्सेनिक 1,000 तरी हवं, आणि तेही कुंडीत मीठ ओतून नाही, निसर्गात वाढताना. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या पिक्नँड्रा अ‍ॅक्युमिनाटा या झाडाच्या सालीला चीर दिली की निळसर हिरवा चीक गळतो. तो रंग निकेलचा. वाळलेल्या चिकाच्या वजनात जवळजवळ चौथा हिस्सा निकेल भरतं. 1976 मध्ये या झाडावरच्या शोधनिबंधातून अतिसंचयी ही संज्ञा रूढ झाली.

युरोपातल्या अ‍ॅराबिडॉप्सिस हॅलेरी या लहानशा रोपात हे कसं घडतं ते सगळ्यात स्पष्ट कळलं आहे. मुळातून जलवाहिनीत जस्त-कॅडमियम उपसणाऱ्या एचएमए4 पंपाचं जनुक त्यात एकाऐवजी तीनदा आहे, आणि प्रत्येक प्रत जोरात चालते. मूळ सतत रिकामं होत राहतं, त्यामुळे मुळाला जस्ताचा तुटवडा असल्यासारखं वाटतं आणि ते आणखी ओढतं. 2008 मध्ये संशोधकांनी हे जनुक दाबून पाहिलं तेव्हा धातू मुळातच राहिला. पानात आल्यावरही साठवण वाटेल तिथे होत नाही: नोकेया कॅरुलेसेन्स या दुसऱ्या अतिसंचयी रोपात जस्त वरच्या त्वचेतल्या मोठ्या पेशींच्या रिक्तिकांत जातं आणि अन्न बनवणाऱ्या पेशी पुष्कळ अंशी मोकळ्या राहतात. इथे काम फायटोकिलेटिनच्या साखळ्यांवर चालत नाही. टक्क्याच्या घरातला धातू गंधकाने बांधायचा तर झाडाचं सगळं गंधक संपेल. म्हणून वाटेत हिस्टिडिन आणि निकोटियानामिन हे छोटे रेणू, आणि रिक्तिकेत मॅलेट-सायट्रेटसारखी सेंद्रिय आम्लं ही स्वस्त माणसं कामाला लावलेली असतात. झाडाला यातून काय मिळतं? किडे आणि बुरशीपासून बचाव, हे त्यातल्या त्यात पुराव्यानिशी मांडलेलं उत्तर आहे.

आपल्याकडे दिसणारं उदाहरण म्हणजे टेरिस व्हिटाटा हा नेचा. जुन्या वाड्यांच्या चुनेगच्ची भिंती, विहिरीची दगडी बांधणी, पुलाचे जोड, अशा चुनखडी ओलाव्याच्या जागी तो उगवतो. लांब पातं, दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्यांसारखी पर्णिका, आणि टोकाची पर्णिका सगळ्यात लांब. फ्लॉरिडात लाकूड टिकवायच्या आर्सेनिकयुक्त द्रावणाने दूषित झालेल्या जागेवर तो सापडला, आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधात त्याच्या पात्यात किलोला 22,600 मिलिग्रॅमपर्यंत आर्सेनिक मोजलं गेलं. तो आर्सेनेट फॉस्फेटच्या दाराने घेतो, त्याचं आर्सेनाइट करतो, आणि पात्याच्या रिक्तिकेत टाकतो. बहुतेक झाडांना आर्सेनाइट आत ढकलायला फायटोकिलेटिनचा आधार लागतो. नेच्याकडे ते मोकळंच आत ढकलणारा एसीआर3 हा वेगळा पंप आहे, जो फुलझाडांनी उत्क्रांतीत गमावला. पण हा नेचा कॅडमियम-शिशासाठी उपयोगाचा नाही. एका धातूसाठी अतिसंचयी असलेलं झाड दुसऱ्यासाठी साधंच असतं, आणि हे विसरून रोपं विकत घेणारे बरेच आहेत.

आता तिसरा प्रश्न: मोहरी-सूर्यफुलाने माती स्वच्छ होईल का? वही घेऊन हिशेब करा. एका एकरात वरच्या 20 सेंटीमीटर थरात साधारण साडेदहा लाख किलो माती असते. म्हणजे अहवालातला किलोला 1 मिलिग्रॅम हा आकडा एकरी साधारण 1 किलो धातू. कॅडमियम 5 वरून 2 वर आणायचं तर तीन किलोहून थोडं जास्त कॅडमियम बाहेर काढायला हवं. मोहरीचं पीक एकरी 3 टन सुका पाला देतं असं चांगलं धरलं, आणि त्यात किलोला 10 मिलिग्रॅम कॅडमियम धरलं, तर एका पिकात 30 ग्रॅम निघतात. शंभराहून जास्त पिकं लागतील. शिशाचं गणित तर मांडण्यासारखंच नाही: 400 वरून 200 वर यायचं तर एकरातून 210 किलो शिसं काढायचं, आणि सूर्यफुलाचा 4 टन सुका पाला, किलोला 20 मिलिग्रॅम धरून, 80 ग्रॅम नेतो. अडीच हजारांहून जास्त पिकं. मोहरीला अतिसंचयी म्हणणारे लेख ज्या प्रयोगांवर उभे आहेत, त्यांत बहुधा एकतर पाण्यातल्या मुळांवर काम झालं होतं, किंवा मातीत ईडीटीए हे धातूला पकडणारं रसायन ओतून शिसं जबरदस्तीने विरघळवलं होतं. हा ईडीटीएचा उपाय शेतात करू नका. तो मातीत आठवडे-महिने टिकतो, झाड उचलतं त्याच्या कितीतरी पट शिसं पावसाबरोबर खाली जातं, आणि खाली तुमची किंवा शेजाऱ्याची विहीर असते.

सूर्यफुलाबद्दल एक इशारा वेगळा द्यायला हवा. त्याच्या दाण्यात, जवसात जातं तसंच, कॅडमियम जातं. तेलात ते फारसं उतरत नाही, पेंडीत राहतं. पेंड गुरांना, आणि गुरांच्या यकृत-मूत्रपिंडात साठण. शुद्धीकरणासाठी म्हणून लावलेलं पीक गोठ्यात पोचायला वेळ लागत नाही.

झाडाने माती साफ करण्याची पद्धत मुळातच खोटी आहे असं मात्र नाही. जपानमधलं उदाहरण बघा. तिथे तोयामा प्रांतातल्या जिन्झू नदीच्या खोऱ्यात खाणीतून आलेल्या कॅडमियमने भातशेती बिघडली आणि इताई-इताई हा हाडं ठिसूळ करणारा भयंकर रोग झाला. 1968 मध्ये सरकारने त्याचं कारण अधिकृतपणे मान्य केलं. तिथली जास्त बिघडलेली शेतं शेवटी नवी माती टाकूनच सुधारली. पण इतर ठिकाणी, कमी दूषित खाचरांत, चोकोउकोकू या जास्त कॅडमियम ओढणाऱ्या भाताने दोन वर्षांत हेक्टरी 883 ग्रॅम कॅडमियम काढलं आणि मातीतलं प्रमाण 38 टक्क्यांनी उतरलं. जमिनीत सुरुवातीला कॅडमियम किलोला 1.63 मिलिग्रॅमच होतं, आणि पाणी काढून टाकल्यावर पुन्हा भरलं नव्हतं. पाणी तुंबलेल्या खाचरात कॅडमियम सल्फाइड होऊन अडकतं, रान सुकलं की विरघळतं. हीच चाल आर्सेनिकला उलटी लागू पडते: पाणी भरलं की आर्सेनिक सुटतं, सुकवलं की अडकतं. ज्या भागात दोन्ही आहेत तिथे पाणी कधी काढायचं हा अवघड निर्णय असतो. निकेलचं मात्र जमलं आहे: अल्बानियात ओडोन्टारेना जातीच्या पिकातून हेक्टरी शंभर किलोच्या घरात निकेल मिळतं, कारण पानातच एक टक्का असतं.

तुमच्या एकरासाठी माझा सल्ला माती साफ करण्याचा नाही. धातू जिथे आहे तिथेच बांधून ठेवायचा आणि ताटापर्यंत जाऊ द्यायचा नाही, असा आहे. सगळ्यात आधी ओढ्याचं पाणी बंद. ते चालू असेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही. दुसरं, सामू. 6.2 ला कॅडमियम बऱ्यापैकी मोकळं असतं, सामू 6.8 ते 7 च्या आसपास नेला की ते मातीच्या कणांवर घट्ट बसतं. चुना किती हे प्रयोगशाळेकडून चुन्याची गरज काढून घेऊन ठरवा, अंदाजाने नको, कारण भुरकट जांभ्या जमिनीला आणि चिकण जमिनीला लागणाऱ्या चुन्यात मोठा फरक असतो. कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत चुन्याचा फायदा सगळ्यात ठळक दिसतो. देशावरच्या काळ्या जमिनीत सामू 8 च्या पुढे असेल तर चुना टाकू नका, तिथे चुनखडी आधीच हे काम करत असते.

खतांत दोन बदल करा. अमोनियम सल्फेट माती आम्ल करतं, ते टाळा. म्युरेट ऑफ पोटॅशमधलं क्लोराइड कॅडमियमला बिलगून विरघळणारी जोडी बनवतं आणि पिकात जास्त पाठवतं, म्हणून पालाश द्यायचाच तर सल्फेट ऑफ पोटॅश वापरा. खारं विहिरीचं पाणीही याच कारणाने घातक. जस्ताची कमतरता असलेल्या रानात एकरी 10 किलो झिंक सल्फेट दिल्याने पिकातलं कॅडमियम कमी होतं, कारण दारावर जस्त आधी उभं राहतं. पण तुमच्याकडे मुलाम्याचं पाणी आलेलं आहे, म्हणजे जस्त आधीच वाजवीपेक्षा जास्त असू शकतं. डीटीपीए चाचणीत, म्हणजे झाडाच्या हाती लागणारा धातू मोजणाऱ्या चाचणीत, जस्त किलोला 0.6 मिलिग्रॅमच्या खाली आल्याशिवाय हे करू नका. शिसं बांधायला फॉस्फेट चालतं, ते शिशाचं जवळजवळ न विरघळणारं खनिज बनवतं. मात्र मातीत आर्सेनिक असेल तर तेच फॉस्फेट आर्सेनिकला मोकळं करतं. म्हणून आर्सेनिकही मोजून घ्या.

पीक बदलणं सगळ्यात प्रभावी. निशिगंध, झेंडू, अ‍ॅस्टर, गुलाब, शोभेची रोपं; ओढ्याच्या कडेला वाळा. वाळ्याची मुळं खोल जातात, धातू मुळातच राहतो, आणि गाळ वाहून जायचा थांबतो. खायचंच पिकवायचं असेल तर क्रम लक्षात ठेवा: पालेभाज्यांत सगळ्यात जास्त, मग कंदमुळं, आणि फळभाज्या-शेंगांत कमी. दुधी, दोडका, भेंडी, चवळीच्या शेंगा हे त्यातल्या त्यात सुरक्षित. वांगं फळभाजी असूनही कॅडमियम ओढतं. सोलॅनम टोर्व्हम या रानवांग्याच्या खुंटावर कलम केलेलं वांगं फळात बरंच कमी कॅडमियम पाठवतं. मर रोगासाठी रोपवाटिकांत ही कलमं मिळतात. कुठलंही पीक असो, विकण्याआधी एकदा तपासणी हवीच.

शिशासाठी उपाय वेगळा, कारण ते पानाच्या अंगावर आहे. माठाच्या सुक्या पाल्यात फक्त एक टक्का धूळमाती मिसळली, आणि त्या मातीत किलोला 400 मिलिग्रॅम शिसं असेल, तर नमुन्यात 4 मिलिग्रॅम दिसेल. ताज्या पाल्यात सुका ऐवज दहावा हिस्सा धरला की 0.4. पालेभाज्यांसाठी शिशाची मर्यादा 0.3. म्हणजे मुळातून कणभरही शिसं वर न जाता भाजी नापास होते. उसाचं पाचट, सोयाबीनचा भुसा यांचं आच्छादन घाला म्हणजे पावसाचे शिंतोडे पानावर उडणार नाहीत. तुषार सिंचनाऐवजी ठिबक वापरा. रेल्वे रुळाच्या किंवा महामार्गाच्या कडेच्या वाफ्यांनाही हेच लागू आहे. पोरं मातीत खेळून तोंडात हात घालतात, शिशाचा तो रस्ता भाजीपेक्षाही जवळचा, म्हणून त्यांना त्या रानात खेळू देऊ नका.

नमुना घेताना होणाऱ्या चुका. नागमोडी चालत 10 ते 15 जागी 20 सेंटीमीटरपर्यंत माती घ्या, ओढ्याच्या पाटाजवळचा पट्टा वेगळा ठेवा. पत्र्याची जस्ती बादली अजिबात नको, तिच्यातून जस्त आणि कॅडमियम उतरतं. प्लास्टिकचं घमेलं आणि स्टीलची किंवा लाकडी खुरपी घ्या. चौथाई पद्धतीने, म्हणजे ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत, अर्धा किलो उरवा, सावलीत वाळवा. पानं नळाच्या पाण्याने, मग ऊर्ध्वपातित पाण्याने धुऊन 65 अंशांवर 48 तास वाळवा. न धुतलेला एक नमुना सोबत पाठवा, दोघांतला फरक म्हणजे धूळ. प्रयोगशाळेला टायटॅनियमही मोजायला सांगा: ते मातीत भरपूर आणि पानात नगण्य असतं, धुतलेल्या पानातही जास्त आलं तर धूळ निघालेली नाही असं समजा. आर्सेनिक किंवा पारा मोजायचा असेल तर नमुना भट्टीत जाळून राख करू देऊ नका, तो वाफेबरोबर उडतो. बंद भांड्यात नायट्रिक आम्लाने विरघळवला पाहिजे.

अहवाल वाचतानाही एक सापळा आहे. काळ्या दगडापासून झालेल्या दख्खनच्या मातीत तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असतात, आणि एकूण प्रमाणाचा आकडा बघून घाबरायला होतं. त्यातलं बरंचसं खनिजाच्या जाळीत अडकलेलं असतं, झाडाच्या हाती लागत नाही. म्हणून एकूण प्रमाणासोबत डीटीपीएचाही आकडा मागा: 10 ग्रॅम मातीला 20 मिलिलिटर द्रावण, सामू 7.3, दोन तास हलवणं. तुमच्या कॅडमियमचं मात्र उलट आहे. साध्या मातीत ते किलोला 1 मिलिग्रॅमच्या आतच असतं, म्हणजे 5 हे दगडातून आलेलं नाही.

शेवटचं, रानात आत्ता उभ्या असलेल्या भाजीचं काय करायचं? उपटून बांधावर टाकू नका, गुरांना घालू नका, कंपोस्टच्या खड्ड्यात तर मुळीच नको. ओढ्यात वाढलेली जलपर्णी काढून खत करणाऱ्यांनाही हे सांगा: तिच्या मुळांत पाण्यातले धातू साठलेले असतात, ते खत पुन्हा वाफ्यात आलं की सगळा फेरा नव्याने सुरू. जाळूही नका, कॅडमियम धुराबरोबर जातं आणि बारीक राखेत बसतं. पाला वाळवून जाड पिशव्यांत, छपराखाली, जमिनीपासून वर ठेवा, त्यातल्या एका पिशवीतून नमुना द्या. आकडा मर्यादेच्या बराच पुढे आला तर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी कळवून तो माल परवाना असलेल्या धोकादायक कचरा केंद्राकडे द्या. त्याच अर्जात ओढ्याच्या पाण्याचा नमुना घ्यायला सांगा, वरच्या अंगाचा आणि खालच्या अंगाचा, दोन्ही.